पेडव्याचा वाटा

भिकाजी तांडेल एकदा बोलला की बोलला. समुद्राचं पाणी पुढे येतं आणि मागे जातं, भिकाजीचा शब्द मागे जात नसे. उंच, वाळक्या अंगाचा, उन्हाने काळा पडलेला माणूस. कानामागे विडी, कमरेला लंगोटी आणि डोक्याला लाल पटका. मुंबईची बोट मालवण बंदराला लागत होती त्या काळात आमच्या वाडीची रापण त्याच्या शब्दावर चालायची.

रापण हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. होडी लांब वळसा घेऊन समुद्रात जाळं सोडून येते. जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर राहतात आणि ते दोर सारी वाडी ओढते. म्हातारे, बाया, शाळेत न गेलेली पोरं आणि शाळेतून पळालेलीही. मासळी वाळूत आली की तिचे वाटे पडतात. वाट्याचा भिकाजीचा नियम एकच होता.

"दोराक हात लागलो, तेका वाटो."

एकदा कुणाचा तरी झिंगलेला पाहुणा चालता चालता दोरावर पडला आणि आधाराला त्याने दोरालाच मिठी मारली. वाटे पडले तेव्हा भिकाजीने त्यालाही एक दिला. लोक कुरकुरले. भिकाजी म्हणाला, "पडलो तरी दोरार पडलो." विषय संपला.

अशा माणसाने नारळी पौर्णिमेनंतरच्या एका सकाळी, सगळ्या वाडीसमोर, एका कुत्र्याबद्दल शब्द दिला.

कुत्र्याचं नाव पेडवो. पेडवा हा आमच्याकडचा बारीक, चंदेरी, काटेच काटे असलेला मासा. कुत्राही तसाच होता, पांढुरका, आणि बरगड्या मोजून घ्याव्यात असा. तो आनंदीचा. आनंदी नऊ वर्षांची, बाप बोटीवर खलाशी, आई दुसऱ्यांच्या शेतात. दिवसभर घरात दोघंच, ती आणि पेडवो. तिच्या पानातली अर्धी भाकरी त्याची असे आणि त्याच्या अंगावरच्या अर्ध्या पिसवा तिच्या.

त्या सकाळी पेडव्याने हौसाबाईच्या वाट्यातली इसवण, म्हणजे चांगली सुरमई, पळवली. हौसाबाई म्हणजे वाडीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. तिचा मुलगा आदल्याच दिवशी मुंबईहून आला होता.

"माजो झील बोटीतून ओकत ओकत इलो," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तो काय हयसर पिठी-भात खावक? इसवण खाल्ल्यान ती खाल्ल्यान, वर माज्याकडे बगून शेपटी हलयता मेलो."

भिकाजीने विडी कानामागून काढली, पेटवली नाही.

"आनंदी, आयक. परत ह्या कुत्र्यान दुसऱ्याच्या माशाक तोंड लावल्यान, तर तेका गंगारामाच्या होडयेत घालून खाडयेच्या पलतडी सोडतलंय."

गंगाराम कर्लीच्या खाडीवर माणसं पलीकडे नेणारी तर चालवायचा. पलतडी सोडलेलं कुत्रं परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. खाडीची ओढ माणसाला पेलत नाही, पेडव्याचा काय पाड.

आनंदीने पेडव्याला घरी नेलं आणि माडाला बांधलं. बांधायला मिळाला तो रापणीच्या जुन्या दोराचा तुकडा, काथ्याचा, खारट, माशांच्या वासाने भरलेला. तिला वाटलं, हा दोर तो कुरतडून पळेल. पण त्या वासाने पेडवो असा खूश झाला की त्याने दोर कुरतडला नाही, दातात धरला. आनंदीने दुसरं टोक ओढलं तसे त्याने पुढचे पाय रोवले, मान खाली घातली आणि गुरगुरत मागे मागे ओढू लागला. आनंदी हसली. मग हसता हसता थांबली.

*दोराक हात लागलो, तेका वाटो.*

वाटा मिळाला तर मासा स्वतःचा. स्वतःचा मासा खाणाऱ्याला चोर कोण म्हणणार?

त्या दिवसापासून माडाखाली दोघांची रापण सुरू झाली. "ओढ" म्हटलं की पेडवो ओढायचा, "सोड" म्हटलं की नाइलाजाने सोडायचा. आई रात्री विचारी, "हाताक फोड कसले गो?" आनंदी म्हणे, "कामाचे."

पुढची रापण लागली त्या दिवशी वारा पडला होता आणि पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. गंगारामही दोर ओढायला आला होता. त्याची होडी वाळूत अर्धी वर काढून ठेवलेली होती. आनंदी पेडव्याला घेऊन आली तेव्हा तिने आधी ती होडी पाहिली.

"ह्येका कित्याक हाडलंस?" हौसाबाईने विचारलं.

"दोर ओढूक."

ऐकून सारी रांग हसली. भिकाजी तेवढा हसला नाही. तो फक्त कुत्र्याकडे पाहत राहिला.

दोर ताणला. आनंदीने रांगेच्या शेवटी दोराला हात घातला आणि पुढे उभ्या केलेल्या पेडव्याला म्हटलं, "ओढ."

पेडवो खाली बसला आणि कान खाजवू लागला.

"ओढ रे."

त्याने दुसरा कान खाजवला. रांग पावलापावलाने मागे सरत होती. जाळ्याची खोळ जवळ येऊ लागली, पाणी चमकू लागलं. एकदा मासळी वाळूत आली की ओढणं संपलं. तेवढ्यात ओला दोर पेडव्याच्या नाकाला घासून गेला. तोच वास. पेडवो उठला, त्याने दोर दातात घट्ट धरला, पाय रोवले, आणि आनंदीकडे तोंड करून जोरात मागे ओढू लागला. मागे म्हणजे समुद्राकडे.

"ह्यो माशांच्या बाजून ओढता," कुणीतरी म्हणालं. गंगाराम इतका हसला की त्याच्या हातातून दोर निसटला.

"हसान दोर सोडू नको," भिकाजी गरजला. दोर ढिला पडला होता. एक बाजू ढिली पडली की मासळी तिकडून निघून जाते. आता रापण बुडाली असती तर कुत्र्याच्या नावावर बुडाली असती.

आनंदी क्षणभर गोंधळली. मग तिला उमगलं. माडाखाली तो नेहमी तिच्याकडे तोंड करून, तिच्यापासून लांब ओढायचा. चूक पेडव्याची नव्हती, तिच्या उभं राहण्याची होती. ती दोर सोडून पुढे धावली, रांग ओलांडून गुडघाभर पाण्यात गेली आणि वळून उभी राहिली. लाट तिच्या कमरेवर फुटली.

"पेडव्या, हयसर बग. ओढ."

पेडवो दोर तोंडात धरूनच गर्रकन फिरला. आता तो तिच्याकडे तोंड करून, शेपूट वाडीकडे करून, गुरगुरत, वाळूत चर पाडत मागे ओढू लागला. मासळी वाळूत येईपर्यंत त्याने दोर सोडला नाही.

वाटे पडायला लागले तेव्हा आनंदी ओल्या परकराने भिकाजीसमोर उभी राहिली.

"तात्यानू, पेडव्याचो वाटो."

"हात खंय लागलो तेचो?" हौसाबाई म्हणाली. "दात लागले."

सगळे भिकाजीकडे पाहू लागले. नियमात शब्द हाताचा होता, ओढलं मात्र पेडव्याने होतं, आणि भिकाजीला शब्द मागे घेता येत नव्हता. तेवढ्यात शिवा पुढे आला. शिवाचा उजवा हात होडीच्या अपघातात गेला होता. डाव्या हाताने दोर पेलत नाही म्हणून तो कमरेला फास लावून ओढायचा.

"हौसाबाय, माजी कंबर लागता," शिवा शांतपणे म्हणाला. "इतकी वर्सां मी वाटो खातंय. परत देव काय?"



"वाटो पडतलो," भिकाजी म्हणाला. "पण आपलो वाटो खंयचो ता जेका कळता तो रापणकार. दुसऱ्याच्या वाट्याक तोंड लावल्यान, तर तो चोर. होडी थंय आसा. खूण दी."

आमच्याकडे प्रत्येकजण आपली एक खूण टोपलीत टाकतो. कुणी शिंपला, कुणी बांगडीचा तुकडा, कुणी विडीचं थोटूक. मग कुणाची खूण कोणती हे ज्याला ठाऊक नाही असं पोर एकेक खूण एकेका वाट्यावर ठेवत जातं. आनंदीने पेडव्याच्या गळ्यातला दोराचा तुकडा सोडला आणि टोपलीत टाकला.

पोराने खुणा ठेवल्या. दोराचा तुकडा पडला तो बांगडे आणि तारल्यांच्या एका लहान वाट्यावर. त्याच्या शेजारी हौसाबाईचा शिंपला, आणि त्या वाट्यात इसवण.

"सोड तेका," भिकाजी म्हणाला. "आणि साद घालू नको."

आनंदीने हात मागे बांधले. पेडवो निघाला. वाट्यांच्या ओळीतून नाक खाली घालून तो हळूहळू चालला. गंगारामाच्या वाट्याशी थांबला, पुढे गेला. हौसाबाईच्या वाट्याशी आला आणि थांबला. इसवणीचा वास त्याने लांबलचक आत घेतला. त्याच्या तोंडातून लाळेची तार वाळूवर उतरली. हौसाबाईने ओठ घट्ट दाबले. आनंदीने डोळे मिटले.

मग पेडव्याने मान शेजारी वळवली, एक पाऊल टाकलं आणि आपल्या वाट्यावरचा दोराचा तुकडा उचलला. मासळीकडे त्याने पाहिलंही नाही. दोर तोंडात घेऊन तो धावत आनंदीकडे आला आणि तिच्यासमोर पाय रोवून उभा राहिला, ओढायला तयार.

भिकाजीने कानामागची विडी काढली आणि या वेळी पेटवली.

"वाटो टाकून दोर उचललो," तो म्हणाला. "असलो रापणकार माका अजून मिळाक नाय."

"माका इसवण मिळाली, म्हणान बरा," हौसाबाई म्हणाली. पण जाताना तिने इसवणीचं डोकं कापून आनंदीच्या हातात दिलं. "तेका दी. नायतर रात्री माज्या दारात येतलो."

त्यानंतर पेडव्याचा वाटा प्रत्येक रापणीत पडत गेला, आणि त्यावर आनंदीचं घर जेवत गेलं. पुढे भिकाजी थकला. ओढायचं बळ राहिलं नाही, आणि हात लावल्याशिवाय वाटा घ्यायला तो तयार नव्हता. तेव्हा तो रांगेच्या शेवटी वाळूत बसायचा आणि दोराचं टोक नुसतं मुठीत धरायचा. शेजारी म्हातारा पेडवो त्याच टोकाला दात लावून बसलेला.

हौसाबाई जाता जाता म्हणायची, "तात्यानू, तुमच्यापेक्षा कुत्र्याचे दात जास्त आसत."

"म्हणान तर तेचो वाटो आधी घालतंय," भिकाजी म्हणायचा.