सवतीचं पहिलं फूल

चंद्रहास टिपणिसांनी चार हजार पिओनी लावल्या होत्या आणि त्यातली एकही उमललेली पाहिली नव्हती. लावल्या म्हणजे कॉम्प्युटरवर हो! दुबईत, अल बर्शातल्या एका लँडस्केप कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. एका बिल्डरच्या डोक्यात आलं, की दुबईच्या वाळूत काचेचा घुमट उभारायचा, आत कॅनडाची हवा सोडायची आणि तिकडची मे-जूनमधली बाग इथे फुलवायची. बर्फ पार वितळला की सगळ्यांनी एकदम फुलायचं, अशी त्या मुलखातल्या फुलांची रीत. चंद्रहासरावांनी वर्षभर गोल काढले आणि प्रत्येक गोलात ‘पी-१४’ लिहिलं. पी-१४ म्हणजे पिओनी, वाडग्याएवढं गुलाबी फूल. गृहस्थाचा जन्म ठाण्यातला, बर्फ पाहिला तो फक्त फ्रीझरमध्ये, पण गोल असे सुबक काढायचे की बघत राहावं.

मग दोन हजार आठ सरत आलं आणि मंदी आली. बिल्डर गुरुवारी ऑफिसात होता, रविवारी नव्हता. घुमट कागदावरच राहिला. कंपनीतल्या सव्वीस माणसांतली चार उरली, त्यात एक चंद्रहासराव आणि एक त्यांचा जॉर्डनचा बॉस जमाल.

जानेवारीत जमालने त्यांच्या टेबलावर एक खोकं आपटलं. “हबीबी, सँपलची मुळं. कोल्ड स्टोअरची वीज तोडली, तीनच जिवंत आहेत. एका हॉटेलच्या मालकाला, अरबाबला, लॉबीत काचेची थंड खोली हवीय, आत हीच फुलं. पण तो म्हणतो, चित्रं पुरे झाली, मे महिन्यात एक खरं फूल दाखवा. दाखवलंस तर तुझी नोकरी राहिली. नाही तर खलास. जूनमध्ये व्हिसा कॅन्सल.”

चंद्रहासरावांनी कॅलेंडर पाहिलं. लेक रुचा एप्रिलमध्ये दहावीत जाणार. ऐन वेळी पोरीला उचलून कुठल्या शाळेत नेऊन बसवायचं?

पिओनीला फुलण्याआधी कडक हिवाळा लागतो. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हिवाळा एकाच जागी होता, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. मुळं ओल्या भुशात गुंडाळून त्यांनी तिथे ठेवली. आता माणूस बायकोला दोन शब्द सांगेल की नाही? छे! ड्राफ्ट्समनच तो. पिशवीवर सुबक अक्षरात ‘पी-१४’ लिहिलं आणि मोकळे झाले.

महाशिवरात्रीला कुमुदने कप्पा उघडला. नवऱ्याने आठवणीने, न सांगता रताळी आणून ठेवली, या कौतुकाने तिचा ऊर भरून आला. दोन उकडली, गूळ-तुपात काप परतले. रुचाने पहिला घास घेतला आणि थुंकला. “आई, इट टेस्ट्स लाइक कफ सिरप!”

संध्याकाळी चंद्रहासराव घरी आले, ताट बघितलं आणि धावत जाऊन भाजीचा कप्पा उघडला.

“अगं, ती रताळी नव्हेत! माझी नोकरी आहे ती!”

“मग तसं लिहायचं होतं पिशवीवर! पी-१४ काय पी-१४? मला वाटलं सुपरमार्केटचा कोड!”

सगळी हकीकत कळल्यावर मात्र बाई रडवेली झाली. स्वयंपाकघरातल्या कपाटात तिचा देव्हारा होता. तिथे हात जोडून ती मोठ्याने म्हणाली, “बाप्पा, चुकले रे. उरलेल्या एकाला फूल येऊ दे, पहिलं फूल तुलाच वाहीन.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “ऐकलंत ना? नवस बोललेय.”

“हं,” लॅपटॉपमधून मान न काढता चंद्रहासराव म्हणाले.

उरलेलं मूळ कुंडीत गेलं आणि कुंडी बेडरूममध्ये. एसी सोळावर, डोक्यावर चार ट्यूबलाइट. कुमुद आणि रुचा हॉलमध्ये गाद्या घालून झोपू लागल्या. “माझी ती सवत बेडरूममध्ये आणि मी लग्नाची बायको हॉलमध्ये,” कुमुद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. चंद्रहासराव स्वेटर, कानटोपी घालून कुंडीशेजारी झोपायचे. बाहेर बेचाळीस डिग्री आणि हा माणूस सर्दीने बेजार! रुचा मैत्रिणींना घरी बोलवेना. “पप्पा इज डेटिंग अ पॉट,” ती म्हणायची.

बाल्कनीत कुमुदचा मोगरा होता, तेलाच्या रिकाम्या डब्यात. तांदूळ धुतलेलं पाणी ओतलं की त्याची सरबराई संपली. त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ होता?

एप्रिलअखेर सवतीला कळी आली. एकच. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. फूल बघायला अरबाब मंगळवारी अकराला घरीच येणार असं ठरलं. त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास कळीने गुलाबी पाकळ्या सैल केल्या. चंद्रहासरावांना गहिवरून आलं. पण पुरतं उमलायला तासभर होता, म्हणून ते दाढी-आंघोळ उरकायला गेले. इस्त्रीचा शर्ट घालून परत येतात तो काय, नुसता दांडा!

“कुमुद!”

कुमुद रेशमी साडी नेसून देव्हाऱ्यापुढे उभी होती. वीतभर उंचीचा पितळी गणपती आणि त्याच्या डोक्यावर ते अगडबंब फूल. बाप्पाची नुसती सोंड दिसत होती.

“आज अंगारकी,” ती म्हणाली. “नवस होता.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं. तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

चंद्रहासरावांचा हात फुलाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. देवाच्या डोक्यावरचं फूल उचलून अरबाबांना दाखवायचं धैर्य त्यांच्यातही नव्हतं. ते तिथेच खाली बसले आणि भडाभडा बोलत सुटले. रुचाची शाळा, व्हिसा, फुकट गेलेले चार महिने. डोळ्यांतून पाणी आलं. कुमुदही घाबरली होती.

“मला काय कळत नाही का?” ती म्हणाली. “पण दिलं त्यानेच. आता शब्द फिरवला तर पुढचं कुठल्या तोंडाने मागू?”

एवढ्यात बेल वाजली.

अरबाब रासअल्‌खैमाकडचे, सत्तरीचे, जुन्या पिढीतले म्हणून हिंदी बरी बोलणारे. जमाल “यल्ला, यल्ला” करत त्यांना थेट बेडरूममध्ये घेऊन गेला. कुंडीत दांडा. जमालने दांड्याकडे पाहिलं, मग चंद्रहासरावांकडे. चंद्रहासरावांनी सर्दीने भरलेलं नाक ओढलं आणि जमिनीकडे पाहिलं.

“या अल्ला, ये क्या ठंड है!” अरबाब कुडकुडले आणि ऊब घ्यायला तडक बाल्कनीत गेले. पाठोपाठ त्यांचा आवाज आला, “फुल्ल! ये तो फुल्ल है!”

कुमुद चहाचा ट्रे घेऊन पुढे झाली. “हां जी, फूल है, लेकिन वो भगवान को चढ़ाया है. अब नहीं मिलेगा.”

“नहीं, नहीं. फुल्ल!”

“फूलच हो! पण देवाचं आहे ते, कसं देऊ?” बाई हिंदी विसरून मराठीवर आली.

“फुल्ल!” म्हाताराही हट्टाला पेटला.

जमालने कपाळावर हात मारला. “सिस्टर, अरबी में इसको फुल्ल बोलते हैं!” आणि त्याने मोगऱ्यावर बोट टेकवलं.

तेलाचा डबा पांढराशुभ्र झाला होता. अरबाबांनी वाकून वास घेतला आणि तसेच उभे राहिले. त्यांची आई वेणीत हीच फुलं घालायची. आई गेल्याला चाळीस वर्षं झाली होती. “इसको कितना कूलिंग लगता है?” त्यांनी विचारलं.

“कूलिंग?” कुमुदला प्रश्नच कळेना. “जितनी गर्मी, उतना फूलता है. चावल का पानी देती हूँ, बस.”

अरबाबांनी एकदा थंडगार बेडरूमकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. मग उभ्यानेच चहा संपवून ते जमालला घेऊन निघाले.

त्याच संध्याकाळी जमालचा फोन आला. काचेची खोली रद्द. हॉटेलच्या अंगणात मोगऱ्याची तीनशे झाडं, आणि नकाशा टिपणीसच काढणार. व्हिसा शाबूत, रुचाची दहावी इथेच. रुचा “येस्स!” ओरडत बेडरूममध्ये घुसली आणि तिने एसी बंद केला.

“बघा,” कुमुद म्हणाली. “शब्द पाळला ना मी?” चंद्रहासराव देव्हाऱ्यापुढे जाऊन गपचूप पाया पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदने निर्माल्य काढलं. ते भलंमोठं फूल ओंजळीत धरून ती नवऱ्याकडे आली. “घ्या. आता हुंगलं तरी चालतं. वाहायचं होतं म्हणून मीही काल नाक लावलं नाही.”

चंद्रहासरावांनी चार हजार गोलांतलं ते एकुलतं एक फूल दोन्ही हातांत घेतलं. डोळे मिटले, नाकाशी धरलं, छाती भरून श्वास ओढला. अडीच महिन्यांची एसीची सर्दी! काडीचा वास येईल तर शपथ. पुन्हा ओढला. पुन्हा नाही.

“कसा आहे?” कुमुदने विचारलं.

त्यांनी फूल तिच्या हातात दिलं. “तू सांग.”

कुमुदने वास घेतला आणि सांगायला लागली. आधी गुलाबासारखा, मग आत कुठेतरी वेलची कुटल्यासारखा, मग थोडा त्या काड्यापेटीएवढ्या अत्तराच्या कुपीसारखा, आपल्या लग्नात मावशींनी दिली होती बघा, तुम्ही हरवलीत ती. बाई चांगली पाच मिनिटं बोलत होती. चंद्रहासरावांनी लॅपटॉप मिटून ठेवला होता, आणि या खेपेला त्यांनी ‘हं’ न म्हणता सगळं ऐकलं.