निर्मलाच्या छातीचा फोटो

निर्मला गेल्याचं मला तिच्या मुलानं, अभयनं, फोन करून सांगितलं. मी नुकताच चहा टाकला होता. तो रडत होता, आणि रडता रडता म्हणाला, “मावशी, शांतपणे गेली. शेवटपर्यंत तिला काही कळलं नाही.” चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि फोनही ठेवून दिला, कारण तोंड उघडलं असतं तर त्या पोराच्या जन्मभर लक्षात राहील असं काहीतरी बोलून गेले असते. पण पुढं दहाव्याला, तेराव्याला, जो येईल तो तेच. “बिचारीला कळलंच नाही हो. पुण्यवान!” डोंबलाचं पुण्य! ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले, म्हणून हे लिहायला बसलेय. निर्मलाला सगळं कळलं होतं. तुम्ही तिला सांगितलं नाही, एवढंच.

आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. मी मास्तरीण झाले, ती डॉक्टर झाली आणि त्यातही एक्स-रेची डॉक्टर. औरंगपुऱ्यात, साड्यांच्या दुकानांच्या वर, अंधाऱ्या जिन्यानं चढून जायचं तिचं सेंटर होतं. आपल्याकडं एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही. “छातीचा फोटो काढायचाय,” म्हणत माणसं यायची, पैठणहून, लासूर स्टेशनहून, एसटीनं, रेल्वेनं. निर्मलाची एक रीत होती, आणि तिच्यापायी तिनं किती गिऱ्हाईक घालवलं असेल देव जाणे. ती फोटो भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावायची, पेशंटची खुर्ची पेटीकडं वळवायची आणि नातेवाइकांना बाहेर बसवायची. आधी ज्याची छाती त्याला, मग बाकीच्यांना. एकदा लासूरच्या एका अडत्यानं तिला दारातच गाठलं. “बाई, आमच्या म्हाताऱ्याला नका सांगू, लई घाबरट हाय.” ही म्हणाली, “मग फोटो तुमचाच काढायला पाहिजे होता.” म्हाताऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, टोपी सारखी केली, आणि म्हणाला, “बरं झालं सांगितलंत. पोरीकडं जाऊन यायचं राहिलंय.” बाहेर लेक संतापानं लालबुंद… आणि आत बाप वहाणा शोधतोय. हे सांगताना निर्मला दर वेळी हसायची आणि दर वेळी तिचे डोळे भरायचे.

यंत्राचं तिला भारी कौतुक. माझ्या वर्गातली पोरं तिनं एकदा सेंटरवर बोलावली आणि त्यांच्यासमोर चक्क एका आंब्याचा फोटो काढला. बाहेरून आंबा कसा, नजर लागावी असा. फोटोत कोयीच्या आत किडा, वेटोळं करून बसलेला! पोरांचा ओरडा खाली रस्त्यावर ऐकू गेला असेल. मग तिनं त्यांना विमानतळावर बॅगा कशा तपासतात ते सांगितलं, जुन्या मूर्तीला आतून गेलेला तडा कसा शोधतात ते सांगितलं. एका पोरीनं विचारलं, “मॅडम, मनात काय हाय ते दिसतं का?” निर्मला म्हणाली, “अजून नाही. दिसायला लागलं की बघणाऱ्यांची पंचाईत होईल.”

त्या प्रश्नातूनच तिची ती कथा आली असणार. हो, ती विज्ञानकथा लिहायची. दिवाळी अंकांत यायच्या, थोडे लोक वाचायचे, आणि सगळ्यांच्या आधी मी वाचायचे, लाल पेन घेऊन, सवयच ती. त्या कथेत एक गाव असतं. तिथं प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर एक यंत्र बसवलेलं. आत जाणाऱ्याच्या अंगातलं सगळं त्यात दिसतं, पण इतरांना. ज्याचं त्याला तेवढं दिसत नाही. मग जो तो दुसऱ्याला विचारत सुटतो, माझं काय दिसतंय? आणि दुसरा म्हणतो, छान आहे की. शेवटी एक बाई उंबऱ्यातच बसून राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे वाचते, स्वतःचं काय झालंय ते समजायला. मी लाल पेनानं समासात लिहिलं होतं, ‘हे पटत नाही. सगळं गाव कसं काय गप्प बसेल?’ ती म्हणाली, “बसतं गं. मायेनं बसतं. कुणी जबरदस्ती करावी लागत नाही.”

गेल्या हिवाळ्यात तिला खोकला धरला. अभयनं तिचा फोटो काढून आणला, तिच्याच एका विद्यार्थ्याच्या नव्या, चकचकीत सेंटरवरून. मी भेटायला गेले तर ती लिहायच्या खोलीत, पलंगावर. घरी तिनं टेबलाच्या वर तशीच एक उजेडाची पेटी लावून घेतली होती, दिव्याऐवजी. त्या उजेडात ती लिहायची. त्या दिवशी पेटीवर छातीचा फोटो लावलेला होता, कोपऱ्यातल्या तारखेवर पांढरी चिकटपट्टी.

“काय दिसतं?” तिनं मला विचारलं.

“बरगड्या,” मी म्हटलं. “मला काय कळतंय त्यातलं.”

“डाव्या बाजूचं कॉलर बोन बघ. फोटोत ते उजवीकडं दिसतं.” हाड सरळ होतं, काठीसारखं. तिनं माझा हात धरून स्वतःच्या गळ्याखाली नेला. तिथं सुपारीएवढी गाठ लागली. औरंगपुऱ्यात स्कूटरवरून पडली होती, तेव्हा मोडलेलं हाड असं जुळून आलं होतं. “हा फोटो माझाच आहे, पण पडण्याच्या आधीचा. कपाटातून काढलाय लेकानं.”

जिनं जन्मभर हाडं वाचली, तिला पोरगं जुना फोटो दाखवून फसवतं? तिनं माझ्यादेखत त्या विद्यार्थ्याला फोन लावला, स्पीकरवर. “मॅडम, काळजीचं काही नाही. तुम्ही आराम करा.” तिनं शांतपणे फोन ठेवला. “ह्याला मी शिकवलंय,” म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन अभयला धारेवर धरलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. नातेवाइकांचा मोबाइलवर ग्रुप होता. खरा फोटो त्यात होता. अमेरिकेतल्या मुलीनं पाहिला, पैठणच्या दिरांनी पाहिला, लासूरच्या भाच्यानं बोटांनी मोठा करकरून पाहिला आणि खाली हात जोडल्याची चित्रं टाकली. अख्ख्या खानदानानं तिच्या छातीत डोकावून घेतलं, आणि वर शहाळी घेऊन तिला भेटायला आले! मला ग्रुपात घेतलं नव्हतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही ना, म्हणून. “दाखव तिला,” मी म्हटलं. “मावशी, आई खचेल हो.” “अरे, खचतोयस तू!” तो ओट्याला टेकून लहान पोरासारखा रडला. मला दया आली, आणि दया आल्याचाही राग आला.

परत आत गेले तर ती म्हणते, “सोड. त्याला झेपत नाहीये.” म्हणजे तूसुद्धा गप्प बसणार? त्या गावातच राहायला गेलीस? मी तिच्यावर ओरडले, आजारी बाईवर, आणि मला त्याची खंत नाही. ती मग म्हणाली, “सुमे, मरणाचं काही नाही गं. पण एवढे फोटो बघितले. हा एक बघायचा होता.”

नंतर ती येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघत बसायची. लोक म्हणायचे, तब्येत छान दिसतेय. ती म्हणायची, “हो का?”

परवा अभय माझ्या घरी आला. वाळलाय. हातात ती उजेडाची पेटी आणि एक मोठं पाकीट. “मावशी, हे तुम्ही ठेवा. माझ्यानं घरात ठेववत नाही.” मी बस म्हटलं नाही. मग म्हटलं. पाणी दिलं. तो गेल्यावर पेटी टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवली, पाकिटातला फोटो तिच्यावर लावला आणि बटण दाबलं.

उजवीकडं हाडावरची गाठ दिसली. ही तीच. खाली एका बाजूला पांढरं काहीतरी पसरलेलं होतं. ते काय, किती, कधीपासून, मला ओ की ठो कळलं नाही. ज्यांनी ज्यांनी हा फोटो पाहिला, त्यांतल्या कुणाला तरी तिच्याइतकं कळलं असेल का…

मी समोरची खुर्ची ओढली आणि पेटीकडं वळवून ठेवली, ती पेशंटची वळवायची तशी. स्वतः बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि तिथूनच म्हटलं, “घे बाई, बघ आता.”