उम्म शुक्रीचा कप

उम्म शुक्रीला आठवड्यातून तीनदा नगरपालिकेच्या गाडीतून मी किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात नेतो, डायलिसिसला. सहा वर्षं झाली. बाई जिभेची तिखट! डॉक्टरांनी दिवसाला कॉफी धरून मोजून चार कप पाणी दिलंय, घसा सुकलेला, तरी वाटभर मलाच ऐकवणार, "मुफीद, हळू हाक. मरायची घाई मला नाही, तुला असेल."

उम्म म्हणजे आई; तिचा शुक्री संगमरवराचा व्यापारी. आईला न्यायला सवड नाही, पण नगराध्यक्ष व्हायला आहे! 'घरपट्टी अर्धी' एवढ्या एकाच घोषणेवर त्याने नवा पक्ष काढला आणि शहर नुसतं पेटलं. घरपट्टी अर्धी झाली की पहिली माझी गाडी बंद, हे पालिकेतला शिपाईसुद्धा सांगत होता.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी मी निघायच्या बेतात होतो. उम्म शुक्री शेजारचीच, ती आधीच गाडीत बसलेली. इतक्यात शुक्री तीन वडीलधाऱ्यांना घेऊन दारात! आईला लांबूनच हात केला नि आत आला. मी कॉफी ओतली. त्याने कप न पिताच समोर ठेवला. झालं! आम्हां गालीलच्या लोकांत मागणं घेऊन आलेला पाहुणा शब्द मिळेपर्यंत कॉफीला ओठ लावत नाही. तो तसाच उठून गेला तर यजमानाचं नाक कापलं जातं.

"मुफीदभाऊ, तुमच्या घरची एकोणीस मतं," शुक्री म्हणाला. "शब्द द्या, मग पितो."

"आणि गाडीचं काय?"

"ते बघू की नंतर."

तिघे म्हातारे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

तेवढ्यात काठी आपटत उम्म शुक्री आत आली आणि लेकासमोर बसली. "मलाही ओत." मी ओतली. तिने कप तसाच खाली ठेवला. "मीही मागायला आलेय, शुक्री. गाडी चालू राहील असा शब्द दे, मग पिते."

"आई, इथे काय हे!"

"इथेच. आणि माझ्याशी खोटं बोलायचं नाही."

शुक्रीचं तोंड लालबुंद झालं. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. कॉफीची वाफ विरली, तरी तो 'पी' काही म्हणाला नाही.

ती उठली. "चल मुफीद, उशीर होतोय."

मी किल्ली उचलली. "शुक्री, तुझा कपही राहू दे तसाच," म्हणालो.

गाडीत निम्म्या वाटेवर सुकल्या ओठांवरून जीभ फिरवत ती म्हणाली, "तो तुझ्याकडे येणार हे मला ठाऊक होतं रे. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, त्या कपासाठी राखून ठेवलं. वाटलं, पोरगा पाजेल."