पाठीवरची माती

उन्हाळा लागला की माझ्या पाठीवर घामोळ्या उठतात. मे महिन्यात आमच्या दारव्ह्यात कूलरसुद्धा गरम हवाच फेकतो, मग दुसरं काय होणार? इलाज घरचाच. मुलतानी माती रात्री ताकात भिजवायची आणि सकाळी त्यात कडुलिंबाचा पाला वाटून घालायचा. थोडी माती आमच्या ह्यांच्या तळपायांच्या जळजळीलाही लागायची. हे जाऊन दुसरा उन्हाळा आला, तरी माती काढताना हात दोघांपुरतीच काढतो. हाताला कोण सांगणार?

चेहऱ्याला लेप लावायला कुणी लागत नाही. पाठीला दुसऱ्याचा हात लागतो. यंदा मी उलथण्याने लावून पाहिली, तर अर्धी फरशीवर पडली. मग दाराच्या मागच्या बाजूला माती थापली आणि म्हशीसारखी पाठ घासली. घामोळ्या दाराला असत्या तर एका दिवसात बऱ्या झाल्या असत्या. पुण्याहून लेकीचा फोन आला तेव्हा तिला यातलं काही सांगितलं नाही. ती विकतची पावडर आण म्हणाली असती आणि मी उगाच तिच्यावर चिडले असते.

शेवटी परवा शेजारच्या मेकॅनिकच्या बायकोला हाक मारली. आमचं बोलणं लिंबं आणि विरजण देण्याघेण्यापुरतं. तिच्यापुढे पाठ उघडी करताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र बाह्या सारून बसली. "मले आधीच सांगाचं ना काकू," एवढंच म्हणाली आणि मानेपासून कमरेपर्यंत सारखा लेप दिला. किती दिवसांनी कुणाचा तळहात पाठीवर फिरत होता. मला रडू आलं. तोंड भिंतीकडे होतं म्हणून बरं. मग तिला गॅसवरचा कुकर आठवला आणि ती लगबगीने गेली.

मी स्टुलावर एकटीच बसले. कापसाच्या हंगामात ह्यांना जिनिंगच्या कारखान्यातून जेवायलाही फुरसत नसे. उन्हाळ्यात जिनिंग बंद पडलं की हे घरी असायचे. मग दाराला कडी घालून, कुरकुरत, हेच माझ्या पाठीला माती लावायचे. थोड्या वेळाने मी विचारायची, वाळली का? हे बोट लावून बघायचे.

"अजून ओलीच हाय व. बस जराशी."

माती तडकायला लागली तरी ह्यांचं तेच. भाजी चिरायची राहिली म्हणून मी वैतागायची. हे पेपरने वारा घालत, वर्षभराचं साचलेलं बोलत बसायचे.

परवा माती वाळून तिचे पोपडे स्टुलाखाली पडू लागले. पाठ ओढत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांच्या वेळीही ती केव्हाच वाळलेली असायची. ह्यांना मी जवळ बसायला हवी होते, आणि मी भाजीची घाई करत होते.

न्हाणीत पाणी काढून ठेवलं होतं. मी उठले नाही.

"अजून ओलीच हाय," मी रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले आणि ऊन उतरेपर्यंत तशीच बसून राहिले.