लंगोटांच्या घडीतलं पाकीट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली. तेव्हापासून सही करायला आणि दुधाचे खाडे लिहायला तेवढं पेन हातात आलं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण बोलण्यापेक्षा मला हेच सोपं जातं, आणि देहूरोडला जाऊन आल्यापासून मन इतकं हलकं झालंय की ते कुठंतरी मांडून ठेवावंसं वाटतं.

लेक दिवस भरायच्या आधीच झाली. चाकणच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं आणि त्यासाठी आधी पैसे भरायचे होते. ह्यांचा पगार कंत्राटदाराकडं अडकलेला. आमच्या शेजारच्या खोलीत तेव्हा भाभी राहायच्या. त्यांचे मिस्टर गाड्या दुरुस्त करतात. त्याच महिन्यात भाभींना भिशी लागली होती. शिलाई मशीन घ्यायचं म्हणून त्या कधीपासून त्या पाळीची वाट बघत होत्या. ते बारा हजार त्यांनी ओढणीच्या टोकाला बांधून दवाखान्यात आणले आणि माझ्या उशीखाली सरकवले. "आधी पोरगी, मग मशीन," एवढंच म्हणाल्या. काचेतून लेकीला बघितलं आणि गेल्या.

लेक घरी यायच्या आतच त्यांच्या मिस्टरांनी देहूरोडला गॅरेज घेतलं आणि ते सगळे तिकडं गेले. सुरुवातीला भाभींचा रोज फोन यायचा. गुटी दिली का, शेक दिला का, सगळं विचारायच्या. पैशाचं मात्र कधीच नाही, आणि मला तेच जड व्हायचं. फोन वाजला की मी हातातलं काम उगाच लांबवायची. मग मी एकदा उचलायची, दोनदा नाही. त्यांनाही ते कळलं असणार. फोन यायचे कमी झाले. माझी इथं तेवढी एकच मैत्रीण, आणि ती माझ्या गप्प बसण्यानं चालली होती.

ह्यांनी ओव्हरटाइम केला. मी मेसच्या पोरांसाठी चपात्या लाटल्या. पैसे जमले तेव्हा हे म्हणाले, "फोनवरून पाठवतो की. एका मिनिटाचं काम."

मी मान हलवली. नको म्हटलं, पण का ते नीट सांगता आलं नाही. उशीखाली ठेवलेले पैसे फोनवरून परत कसे जातील? शिवाय लेकीला अजून भाभींनी हातात घेतलं नव्हतं. डॉक्टरांनीही आता बाहेर न्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, म्हणून गुरुवारी जायचं, एक रात्र राहायचं आणि शुक्रवारी ह्यांच्या सेकंड शिफ्टच्या आत परत यायचं असं ठरलं.

बुधवारी सकाळपासून मी पिशव्या भरत होते. झबली, टोपडी, दुपटी, जाड गोधडी, पातळ गोधडी. लंगोट जेवढे वाळले होते तेवढे सगळे. गरम पाण्याचा थर्मास, काजळाची डबी, मीठ-मोहरी. गुटी उगाळायची सहाणसुद्धा घेतली, कारण दुसऱ्याच्या सहाणेवर काय काय उगाळलेलं असेल कोण जाणे. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, लातूरकडून लेकीसाठीच आलेल्या. त्या खाटेवर बसून सगळं बघत होत्या.

"सहाण बी घ्यायलीस?"

"हो आत्या."

"मग पाळणा का सोडलास? त्यो बी डोक्यावर घे."

त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या येणार नव्हत्या. येणार नव्हत्या म्हणून जास्तच बोलत होत्या. "पोरीला वारं लागू देऊ नको. नदी आली की भाकरीचा तुकडा टाक. आन् बसमधी कुणी म्हणलं आण हिकडं लेकरू, तर देऊ नको. तुला न्हाई म्हणता येत न्हाई, म्हणून सांगायले."

पिशव्या दारात मांडल्या आणि तेवढ्यात घरमालकीणबाई आल्या. त्या इथल्याच, जुन्या गावातल्या.

"खोली सोडताय व्हय? आदी सांगायचं न्हाई का?"

मी उत्तर द्यायचं सोडून पिशवीची गाठ परत बांधायला लागले. मला अशा वेळी नेहमी असंच होतं. आतून आत्याच बोलल्या, "एका रातीसाठी चालल्यात, बाई. सून लेकराचं सामान भरायली, संसार न्हाई."

घरमालकीणबाईंनी पिशव्यांकडं बघितलं. "मंग त्यो पंखा का ठेवलाय?" म्हणाल्या आणि हसत गेल्या. मीही हसले, पण त्या गेल्यावर.

राहिला प्रश्न पैशांचा. पर्सची चेन तुटकी. ब्लाउजमध्ये ठेवावेत तर लेकीला पाजताना पंचाईत. शेवटी नोटांचं पाकीट लंगोटांच्या गठ्ठ्यात, मधल्या घडीत ठेवलं. लंगोटाला कोण हात लावतंय? आणि भाभींपुढं काय बोलायचं तेही मी भांडी घासताना म्हणून बघितलं होतं. चहा झाला की उठायचं, दोन्ही हातांनी पाकीट द्यायचं आणि म्हणायचं, "भाभी, हे तुमचे. तुमचे उपकार विसरणार नाही."

निगडीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. लेक रडेल, सगळी बस बघेल, मग पाजायचं कसं, ह्याच काळजीत मी पदर आधीच आवळून धरला होता. चौकात कंटेनरांच्या रांगेत बस अडकली. हॉर्न वाजत होते, इंजिनाचा धूर आत येत होता, आणि लेक माझ्या मांडीवर गाढ झोपलेली. नदी आली तेव्हा भाकरीचा तुकडा माझ्या मुठीत होता, पण मागच्या सीटवरचा माणूस बघतोय असं वाटून हात बाहेर जाईना. ह्यांनी तो माझ्या मुठीतून काढला आणि टाकला. लेकीला ह्यातलं काही कळलं नाही. निगडीला उतरल्यावर रिक्षातही झोपलेलीच. एवढी भीती मी कशाला घेऊन बसले होते, असं मनात आलं आणि पहिल्यांदाच पाठ टेकली.

भाभी गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी पायरी चढायच्या आत त्यांनी लेकीला घेतलं.

"अगं, ही तीच का? काचेत होती तेव्हा माझ्या तळहाताएवढी होती. आणि तू काय, सूज आली होती का कानाला? फोन उचलत नाहीस."

मी खाली बघितलं. तेवढ्यात लेकीनं त्यांची ओढणी ओली केली.

"बरकत आली," भाभी म्हणाल्या. "लंगोट कुठंय? बस तू, मी घेते." आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पिशवीतला गठ्ठा ओढला. मधली घडी सुटली. पाकीट फरशीवर पडलं.

भाभींनी उचलून आत बघितलं. "लंगोटात बँक काढलीस होय?"

पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. मी नुसतं म्हटलं, "तुमचे."

त्यांनी पाकीट मिटलं. मग लेकीची मूठ उघडून त्यांनी ते पाकीट तिच्या हातात दिलं. "बच्ची पहिल्यांदा आलीय माझ्या घरी. पहिल्यांदा आलेल्या बाळाला तुमच्यात रिकाम्या हातानं परत पाठवतात का? आमच्यात पण नाही पाठवत. झालं, फिटलं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्यांनी नदीचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं. पण बाळाला पहिल्यांदा नेताना देणं सोबत नेऊ नये, ते आधी पोचतं करावं, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. हे दारात उभे राहून माझ्याकडं बघत होते. बारा हजार लेकीच्या मुठीत, आणि ती ते तोंडात घालायला निघालेली.

मी तिच्या हातातून पाकीट काढलं. ते भाभींपुढं धरलं.

"भाभी, हे तुम्ही घेतले नाहीत तर मला परत तुम्हाला फोन करता येणार नाही. इतके दिवसही करता येत नव्हता. मला तुमच्याशी बोलायचंय."

एवढं लांब मी कुणासमोर बोलल्याचं मला आठवत नाही.

भाभींनी पाकीट माझ्या हातातून घेतलं. मग लेकीला माझ्या मांडीवर दिलं, खाली बसल्या आणि अंगठा ओला करून नोटा मोजायला लागल्या. सावकाश मोजल्या. मधे एक नोट चिकटली होती ती सोडवली. मग आपल्या पर्समधून शंभराची वेगळी नोट काढून लेकीच्या मुठीत ठेवली. "ही हिची. तिला हात लावू नकोस."

मी मान हलवली.

"आणि हे बारा," त्या म्हणाल्या, "बराबर आहेत. पूर्ण मिळाले." उठल्या आणि पाकीट कपाटात ठेवून त्यांनी किल्ली फिरवली.