बदामाच्या पानाचं सोनं

ऑक्टोबर उजाडला की आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं पानं बघायला जपानला नाहीतर कोरियाला जातात. परत आली की लाल-पिवळ्या डोंगरांचे फोटो दाखवून जीव खातात. मी "वा, सुंदर" म्हणते आणि मनात म्हणते, पान पिकलं की गळतं, त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला काढायचं. त्या वर्षी मात्र मीच बाबांना घेऊन लाल पानं बघायला निघाले. खरं कारण वेगळं होतं. मला त्यांच्याशी बोलायचं होतं.

बाबा पुण्याहून महिनाभरासाठी विषुववृत्ताजवळच्या या बेटावर, माझ्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर आले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी एकटीच राहते, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. त्यांना सांगायचं होतं ते हे की मी इथलं नागरिकत्व घेतलं होतं आणि भारताचा पासपोर्ट परत केला होता. माझा पहिला पासपोर्ट काढताना याच माणसाने रजा टाकून पहाटेपासून माझ्यासाठी रांग धरली होती. फोनवर सांगवेना, म्हणून म्हटलं, आल्यावर सांगू. ते आले, तर आज-उद्या करत तीन आठवडे घालवले. ऑफिसात वाईट बातमी कुणाला द्यायची असली की मला पुढे करतात, आणि घरात माझी ही तऱ्हा.

दसऱ्याला इथे सुट्टी नसते. मी रजा टाकली. पूजा झाल्यावर बाबा म्हणाले, "सीमोल्लंघनाला कुठे जायचं?" पुण्यात दर दसऱ्याला ते हद्दीबाहेर पाऊल टाकून आपट्याची पानं घेऊन यायचे आणि आई त्यांना दारात ओवाळून मगच आत घ्यायची. शहर वाढत गेलं, हद्द लांब सरकत गेली, तरी हा माणूस दोन बस बदलून जायचाच. आम्ही त्यांची भरपूर थट्टा करायचो.

"बेटाच्या टोकाला जाऊ. वाटेत झाडं छान आहेत," मी म्हटलं आणि नवा पासपोर्ट पर्समध्ये टाकला.

एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने गेलो, मग बेटाच्या टोकाला, लिम चू कांगला जाणारी बस धरली. उंच इमारती संपल्या, कबरस्तान गेलं, भाजीचे मळे लागले. रस्त्याच्या कडेला अधूनमधून बदामाची झाडं होती, आपल्याकडे शाळेच्या आवारात असतात तीच. एक झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लाल झालेलं, त्याला खेटून उभं असलेलं हिरवंगार, आणि पुढच्याची सगळी पानं गळून खाली पडलेली.

"थंडी नाही, काही नाही, आणि हा पिकलाय," बाबा खिडकीला नाक लावून म्हणाले.

"इथे प्रत्येक झाडाची वेळ वेगळी. शेजारचं अजून दोन महिन्यांनी लाल होईल."

"बरं आहे. कुणाला विचारायला नको."

मग ते एकेक लाल झाड बोटाने मला दाखवत राहिले. आई गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं, आणि माझा धीर पुन्हा सुटायला लागला.

रस्ता जिथे संपतो तिथे एक छोटा धक्का आहे. समोर अरुंद पाणी आणि पलीकडे झाडी.

"ते काय?"

"मलेशिया."

"इतकं जवळ? मग पलीकडे पाऊल टाकून येऊ की."

"इथून नाही जाता येत. पुलावरून जावं लागतं, पासपोर्ट लागतो."

त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. "माझा असतो जवळ. तू आणलायस?"

मी पर्समधून काढून त्यांच्या हातात दिला. आपला निळा असतो, हा लाल. बाबांनी चष्मा चढवला, पहिलं पान सावकाश वाचलं, मग मिटून माझ्याकडे परत दिला. कारणं मी तीन आठवडे घोकली होती. नोकरी, घर, म्हातारपण, सगळ्याची उत्तरं तयार होती.

"म्हणजे घरी यायला तुला आता व्हिसा लागणार," ते म्हणाले.

एक कार्ड मिळतं, मग व्हिसा लागत नाही, असं मी काहीतरी पुटपुटले आणि रडायला लागले. बाबांनी मला रडू दिलं. मग खाली वाकून बदामाची दोन लाल पानं उचलली, रुमालाने पुसली आणि खिशात पासपोर्टच्या मागे ठेवली. परतीच्या बसमध्ये त्यांनी एकही झाड मला दाखवलं नाही.

घरी आल्यावर मी कुलूप काढलं, तर म्हणाले, "थांब. बाहेरच उभी राहा."

मला वाटलं, आता बोलणार. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, हातात स्टीलचं ताट, त्यात कुंकू, सुपारी आणि सकाळच्या पूजेतलं निरांजन. जन्मात त्यांनी कुणाला ओवाळलं नव्हतं. ज्योत विझेल म्हणून ते दुसऱ्या हाताचा आडोसा धरत होते.

"सीमोल्लंघन करून आलेल्या माणसाला असंच घरात घेतात," ते म्हणाले. कुंकू लावलं, ओवाळलं आणि लाल पान माझ्या हातात दिलं. "घे सोनं. पुढच्या दसऱ्याला घरी ये. व्हिसा लागला तर काढ, पण ये."

मी तिथेच, लिफ्टसमोर, त्यांच्या पाया पडले.