त्रिकोणवाली गोळी

आमच्या लेस्टरच्या हॉस्पिटलातल्या त्या पुणेरी फार्मासिस्टना लिफ्टची वाट बघवत नसे. ते जिन्यानंच पळत वर येत. मी नवी असताना औषधांच्या पुस्तकात एका नावापुढे उलटा काळा त्रिकोण पाहून त्यांना विचारलं होतं, "ही कुटुंबनियोजनाची गोळी का?" वॉर्ड दणाणेल असं ते हसले. "अहो डॉक्टरबाई, तो आपल्याकडचा लाल त्रिकोण. हा काळा म्हणजे औषध नवं आहे, नजर ठेवा."

पुढे ब्लडप्रेशरच्या अशाच त्रिकोणवाल्या गोळीवर एक बसड्रायव्हर इतका खोकू लागला की त्याला स्टिअरिंग धरवेना. मोठे डॉक्टर म्हणाले, थंडी आहे. फार्मासिस्टनी मात्र माझ्यापुढे साइड इफेक्ट कळवायचं पिवळं कार्ड ठेवलं. "लंडनच्या औषध खात्याला पाठवा. सही डॉक्टरचीच लागते. आपण फक्त शंका घ्यायची, खात्री ते करतील."

काही महिन्यांनी ते खात्याचं पत्रक नाचवत, धापा टाकत वर आले. "देशभरातून कार्डं गेली, डॉक्टरबाई! आपला खोकला छापून आलाय." आणि त्यांनाच खोकल्याची उबळ आली.

"हा जिन्याचा," ते कसेबसे म्हणाले.

मी एक कोरं पिवळं कार्ड पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं. "खात्री तुम्ही कशाला करताय?"